चाचा, ताशा आणि त्रिलोक गुर्टू

माझ्या सगळ्यात आवडत्या ड्रमरचं नाव त्रिलोक गुर्टू. जालन्यात हे नाव सांगितलं की समोरचा दोनदा विचारून घेतो आणि मग विषय बदलतो. त्यात त्याचा काही दोष नाही. हा माणूस मुंबईत जन्मला, माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेत शिकला, पण नाव झालं ते युरोपात. तिकडे जर्मनीतच त्याने घर केलं. तो जे वाजवतो त्याला जॅझ फ्यूजन म्हणतात. 1970च्या आसपास जॅझवाल्यांनी रॉकची वीज आपल्या संगीतात घेतली, मग आफ्रिका, ब्राझील, हिंदुस्थान असं जिथून मिळेल तिथून घेत गेले. त्या मेळ्यात आपल्या तबल्याला हक्काची जागा मिळवून देणाऱ्यांत झाकीर हुसेन यांच्याबरोबर त्रिलोकचं नाव घ्यावं लागतं.

मी त्याला दोनदा समोर बसून ऐकलं. मध्ये वीसहून जास्त वर्षं गेली. पहिल्या वेळी एकटा होतो, दुसऱ्या वेळी सोबत माझे चाचा होते. लिहायचंय ते दुसऱ्या वेळेबद्दल, पण आधी थोडं मागचं सांगतो.

नव्वदच्या दशकात मी औरंगाबादला कॉलेजात होतो. एका मित्राकडे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांची कॅसेट होती. 27 नोव्हेंबर 1989 रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाचं ते रेकॉर्डिंग. स्टेजवर तिघंच: गिटार, बास आणि त्रिलोक. ऐकताना मला वाटायचं, तालवाद्यं वाजवणारे चारपाच जण असतील. कव्हरवर नाव मात्र एकच. मध्येच तो तोंडाने बोल म्हणू लागायचा आणि लंडनचे लोक टाळ्या वाजवायचे. ती कॅसेट मी इतकी वाजवली की मित्राने शेवटी ती मलाच देऊन टाकली.

म्हणून मुंबईत त्याचा कार्यक्रम आहे असं कळल्यावर रात्रीच्या गाडीने जनरलच्या डब्यातून गेलो आणि सगळ्यात मागचं तिकीट काढलं. तेव्हा कळलं की तो एकटाच सगळं करतो. स्टुलावर बसत नाही, गुडघ्यावर अर्धवट टेकून जमिनीलगत बसतो. भोवती तबला, झांजा, घंटा, शिंपल्यांच्या माळा आणि चक्क पाण्याची बादली. वाजती झांज तो पाण्यात बुडवतो आणि तिचा सूर वाकत वाकत खाली जातो. त्या रात्री मी फक्त वेग बघितला. वय तसं होतं.

त्याच्या तालाचं मूळ घरातच आहे. आई शोभा गुर्टू, ठुमरी-दादऱ्यातलं मोठं नाव, जन्म बेळगावचा. शोभाताईंची तालीम सुरू झाली कोल्हापुरात उस्ताद भुर्जी खाँ यांच्याकडे, म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांच्या धाकट्या मुलाकडे. पुढे नत्थन खाँ आणि घम्मन खाँ. आईने मुलाला तबल्याला लावलं, तो शिकला शाह अब्दुल करीम यांच्याकडे. 1988 साली त्रिलोकचा ‘उसफ्रेत’ हा अल्बम आला, त्यात आईचा आवाज आहे. बाजूला बास, ड्रम, परदेशी वादक, आणि मधून ठुमरीची ती भरदार हाक येते. नातीगोती जोडून दाखवायची मला हौस नाही, पण एका घरातल्या दोन पिढ्यांचे हात आणि गळा कुणी घडवला, एवढं माहीत असावं.

त्रिलोकने स्वतःबद्दल एक गोष्ट सांगितलीय. लहानपणी पाश्चात्त्य रेकॉर्ड ऐकून तो शिकायचा. स्टुडिओत एकावर एक थर चढवून रेकॉर्डिंग करतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला वाटायचं, हे सगळं एकच माणूस वाजवतो. म्हणून त्यानेही सगळं एकट्याने वाजवायचा प्रयत्न केला.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला एकदम चाचा आठवले.

चाचा तीसहून जास्त वर्षं लग्नाच्या बँडमध्ये होते. साईड ड्रम आणि ताशा. शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल 1951. तेव्हा जालना हैदराबाद राज्यात होतं, जिल्हा व्हायला अजून 30 वर्षं होती. चाचांना कुणी शिकवलं नाही. नवीन सिनेमा लागला की रेडिओवर गाणं ऐकायचं, आणि आर. डी. बर्मनच्या गाण्यात पाचसहा वादक जे मिळून वाजवायचे ते एका ताशावर काढायचं. “एक आदमी के दो हाथ में जितना आता, उतना लेने का,” असं ते म्हणायचे. थंडीत किंवा पावसाळी हवेत ताशाचं कातडं उतरायचं. मग मांडवाच्या मागे कागद पेटवून ते शेकायचं, बोटाने टिचकी मारून बघायचं आणि पुन्हा वरातीपुढे जाऊन उभं राहायचं.

या कामाला पैसा होता, मान नव्हता. आमच्यातले काही म्हणायचे बाजा हराम आहे, काही जण लग्न ठरलं की सगळ्यात आधी बँडवाल्याकडे यायचे. बहुतेकदा ही माणसं एकच असायची. चाचांच्या मुलीची सोयरीक बघताना “बाजेवाले का घर” हा शब्द दोनदा ऐकावा लागला. पुढे डीजे आला. क्लॅरिओनेटवाल्या मास्टरांनी वाद्य विकलं, चाचा एका बियाण्याच्या गोदामावर रखवालदार म्हणून लागले.

काही वर्षांपूर्वी त्रिलोक मुंबईत वाजवणार असल्याचं कळलं. त्यानेही सत्तरी ओलांडली होती. मी चाचांना म्हणालो, चला. ते म्हणाले, “नक्को रे बाबा, वो अंग्रेजी बाजा.” मी सांगितलं, शोभा गुर्टूंचा मुलगा आहे. 1978च्या ‘मैं तुलसी तेरे आंगन की’मध्ये ज्यांनी ‘सैंया रूठ गये’ म्हटलं, त्या. चाचांच्या बँडचे मास्टर ते गाणं क्लॅरिओनेटवर असं वाजवायचे की नवरीकडच्या बायका रडायच्या. चाचा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “उनका बेटा है? तिकिट निकाल.”

देवगिरी एक्स्प्रेसने निघालो. या वेळी तिकिटं पुढची होती. चाचांनी ईदची शेरवानी घातली होती. सभागृहातला एसी, मऊ खुर्च्या, हळू आवाजात इंग्रजी बोलणारी माणसं, यात ते अंग चोरून बसले होते. त्रिलोक आला, खालीच बसला. चाचा कानाशी म्हणाले, “घुटने कैसे साथ देते इसके?” चाचा स्वतः आता खुर्चीवर नमाज पढतात.

वाजवणं सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की मला वेगळंच काहीतरी ऐकू येतंय. वेग होता, पण तो हवा तेव्हाच काढायचा. एक ठोका द्यायचा आणि थांबायचा. ती रिकामी जागा भरायची घाई नव्हती. पूर्वीही तो असाच थांबत असेल. कॉलेजातल्या पोराच्या कानाला ते ऐकू आलं नसेल एवढंच. झांज बादलीत बुडाली तेव्हा लोक हसले, चाचा हसले नाहीत. पुढे झुकून बघत होते.

मध्यंतरी मला म्हणाले, “दायां हात सब देखते. तू बायां देख.” दुसऱ्या भागात मी फक्त डावा हात बघितला. सगळी इमारत त्यावर उभी होती. मग तोंडाने बोल सुरू झाले, आणि चाचांची बोटं शेरवानीच्या खिशावर तोच हिशोब मोजायला लागली. एका जागी ते पुटपुटले, “ये तो ताशे का है.” सम आली तेव्हा बोटं बरोबर तिथेच पडली.

परतीच्या गाडीत मला वाटलं ते बोलतील. मनमाड गेलं तरी गप्प. मग म्हणाले, “लोगां कित्ते चुप बैठे थे रे. खांसे भी नहीं.”

एवढंच बोलले. तीस वर्षांत त्यांच्या वाजवण्यावर लोक नाचले, नोटा उधळल्या, दारू पिऊन अंगावर पडले, “जोर से बजा” म्हणून ओरडले. पण समोर बसून, हात मांडीवर ठेवून, फक्त ऐकायला असं कुणी कधी आलं नाही. त्यांच्या वाजवण्यात त्रिलोकइतकं काही होतं का, हे मला सांगता येणार नाही. त्यासाठी आधी कुणीतरी ते शांतपणे ऐकायला हवं होतं. गावागावांत असे किती हात होऊन गेले, ते आपण फक्त वरातीच्या गोंगाटात ऐकले.

15 डिसेंबर 2024ला झाकीर हुसेन गेले. 9 मार्च 1951चा जन्म. त्रिलोकचा 30 ऑक्टोबर, त्याच सालचा. बातमी टीव्हीवर बघून चाचांचा फोन आला.

“मेरे ही साल के थे ना?”

“हौ चाचा.”

“और वो अपना वाला?”

“ठीक है. बजा रहा है.”

“बजाने दे,” म्हणाले आणि फोन ठेवला.