हिरड्याची वेळ

बाळहिरडा दाढेखाली धरला की आधी तोंड आवळून येतं. तुरटपणा जिभेवरून टाळूला भिडतो, मागोमाग कडवट, आंबट, किंचित तिखट चवी येऊन जातात. थुंकून न टाकता चघळत राहावं, वर घोटभर पाणी प्यावं. ते साधं पाणी गोड लागतं. हिरड्यात खारट सोडून बाकीचे पाचही रस आहेत असं आयुर्वेद सांगतो. पोथीतलं हे विधान जिभेनंच तपासून घ्यावं.

मला हिरड्याचं अप्रूप वाटतं ते त्याला असलेल्या वेळेच्या जाणिवेमुळे. तो कधी तोडला, कसा घेतला, कुठल्या ऋतूत घेतला, यावर त्याचं सगळं वागणं ठरतं. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त हे फार बारकाईनं नोंदवलंय. चावून खाल्लेला हिरडा भूक वाढवतो, वाटून घेतला तर पोट साफ करतो, वाफवलेला उलट मळ बांधून धरतो आणि भाजलेला तिन्ही दोषांना आवरतो. फळ एकच! ऋतूंप्रमाणे त्याचे सोबतीही बदलतात. पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध आणि ग्रीष्मात गूळ. हवा पालटली की पोटही पालटतं, हे ज्यानं वर्षानुवर्षं पाहिलं असेल त्यालाच असं वेळापत्रक सुचावं.

हीच जाण सहाणेवरही होती. बाळगुटी उगाळताना आजीचा हात वेढे मोजत असे. बाळाचं पोट फुगलं असेल तर हिरड्याचा एखादा वेढा जास्त. जुलाब होत असतील तर हिरडा बाजूला आणि जायफळ पुढे. वेखंड मात्र नावापुरतं. तिच्याजवळ लिहिलेलं काही नव्हतं, बाळाच्या रडण्यावरून आणि दुपट्यावरून ती ठरवायची. आज बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात, आणि ते ऐकायलाच हवं. तरी रोज बाळाकडे पाहून आजचं औषध आज ठरवणारी ती नजर मला मोलाची वाटते.

मोठ्यांच्या पोटासाठी हिरडा अजून घराघरांत आहे. आवळा आणि बेहड्याबरोबर तो त्रिफळ्यात असतो. एरंडेलात तळून पूड केलेला बाळहिरडा बद्धकोष्ठावर रात्री कोमट पाण्याबरोबर घेतात. पण ‘झाडपाल्याचं आहे, अपाय कसला’ असं म्हणून त्याचे फक्के मारू नयेत. गरोदर बाईनं, उपासानं किंवा आजारानं खंगलेल्यानं, उन्हानं अंगातलं पाणी आटलेल्यानं तो घेऊ नये, हे जुन्या वैद्यांनीच बजावून ठेवलंय.

त्याचा तुरटपणा औषधापुरताच राहिला नाही. त्यातल्या टॅनिनसाठी चांभारांनी कातडी कमावायला हिरडा वापरला. श्रीकाळहस्तीचे कलमकारी कारागीर आजही कोरं कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवतात, मगच त्यावर लोहाची काळी रेघ उमटते आणि टिकते.

आपल्याकडे हिरडा येतो तो सह्याद्रीच्या माथ्यावरून. भीमाशंकरच्या आसपास, जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळ्यांच्या गावांत हिरड्याची झाडं रानात आहेत तशी बांधावरही आहेत. उन्हाळ्यात उग्र वासाचा पिवळट मोहोर झडून फळं धरतात. आत बी घट्ट होण्याआधी उतरवून वाळवलं तर ते काळंभोर सुरकुतलेलं फळ म्हणजे बाळहिरडा. तेच झाडावर राहून हिवाळ्यात पिकलं, पिवळसर झालं, तर सुरवारी हिरडा. बाळहिरड्याला दर चांगला मिळतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत अख्खं घर झाडाखाली असतं. कोणी शेंड्यावर चढून फांद्या झोडपतं, बायका-पोरं खाली वेचतात, मग खळ्यावर, छपरावर, खडकावर वाळवण पसरतं. भातशेती पोटापुरती, खतबियाणं, शाळेची पुस्तकं, लग्नकार्य यांना लागणारा रोख पैसा बऱ्याच घरांत हिरड्यातून येतो. मध्ये वळीव आला आणि अर्धं वाळलेलं फळ भिजलं, तर बुरशी धरते आणि भाव पडतो. वेळ चुकली की वर्ष चुकतं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळून घाट चढलं, तेव्हा या पट्ट्यात फळं झडली आणि झाडंही मुळासकट पडली. भाताचं नुकसान पुढच्या हंगामात भरून काढता येतं. हिरड्याचं नवं झाड भरघोस फळाला यायला वर्षंच्या वर्षं जातात. भरपाईसाठी हिरडा उत्पादकांना पुढे आंदोलनं करावी लागली. याचा मला राग येतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर रानातल्या माणसांचा मालकी हक्क मान्य केला आहे. मग ज्यांच्या हातून हे औषध आपल्या पोटात जातं, त्यांचं झाड हे पीक आहे हे पटवायला त्यांना रस्त्यावर का यावं लागतं?

काष्ठौषधींच्या दुकानात हिरडा घेताना तो नवा, भरीव आणि जड बघून घ्यावा. पाण्यात टाकला की बुडणारा उत्तम, ही परीक्षाही जुन्या ग्रंथांतलीच. मी त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारते: माल यंदाचा की गेल्या सालचा, आणि आला कुठल्या डोंगरातून? पुष्कळ दुकानदार मान हलवतात. एखादा मात्र सरळ घाटावरच्या गावाचं नाव घेतो, यंदा पाऊस लवकर आला म्हणून माल कमी आहे असं सांगतो, आणि पावशेराचे चार पैसे जास्त लावतो. ते मी घासाघीस न करता देते.