बोट कोणाचें?

आमच्या कुटुंबांतील एक पुतण्या जाहिराती रचण्याचें काम करतो. त्याची नेहमींची खंत अशी कीं, मोठ्या कष्टानें सुचलेली कल्पना दुसऱ्या कोणी आधींच वापरलेली निघते; मग लोक 'चोरी' म्हणतात आणि त्याला स्वतःच्याच बुद्धीची शंका येऊं लागते. घरांतील वडील मंडळी 'जगांत नवें असें कांहींच नाहीं' म्हणून त्याचें समाधान करूं पाहतात. मला हीं दोन्ही मतें एकांगी वाटतात.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. १९१४ च्या सप्टेंबरांत 'लंडन ओपिनियन' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आल्फ्रेड लीट यानें लॉर्ड किचनेर यांचें चित्र काढलें. पूर्वीं हिंदुस्थानांत सरसेनापति असलेले हे गृहस्थ तेव्हां ब्रिटनचे युद्धमंत्री होते. भरघोस मिशा, करारी डोळे आणि पाहणाऱ्यावर रोखलेलें बोट: देशाला तुमची गरज आहे! १९१७ सालीं अमेरिकेच्या सैन्यभरतीसाठीं जेम्स मॉन्टगोमेरी फ्लॅग यानें तेंच बोट 'अंकल सॅम'च्या हातीं दिलें. १९२० सालीं रशियांतील यादवी युद्धांत दिमित्री मूर याच्या भित्तिपत्रकावरील लाल सैनिकानेंही तसेंच बोट रोखलें.

ही युक्ति कोणा एकाच्या मालकीची म्हणतां येईल काय? लहान मूलसुद्धां 'तूंच' म्हणतांना बोट दाखवितें. समोर पाहणाऱ्या चित्राचे डोळे आपण कोठेंही उभे राहिलों तरी आपल्याकडेच लागलेले भासतात, हा दृष्टीचा धर्मही सर्वत्र एकच. ब्रिटनमध्यें १९१६ पर्यंत सक्तीची भरती नव्हती. गर्दींतील प्रत्येकाला 'हें मलाच उद्देशून आहे' असें वाटावयास लावणें भाग होतें. गरज सारखी, माणसाचा स्वभाव सारखा. म्हणून कल्पनाही सारखी.

परंतु तें बोट कोणाचें असावें, हें प्रत्येक चित्रकारानें आपल्या लोकांकडे पाहून ठरविलें. ब्रिटिश प्रजेपुढें ओळखीचा सेनानी उभा राहिला. राजा नसलेल्या अमेरिकेपुढें राष्ट्राचें प्रतीक असलेला काल्पनिक वृद्ध आला. त्याला फ्लॅगनें चेहरा स्वतःचा दिला. क्रांति केलेल्या रशियापुढें निनांवी सैनिक आला, पाठीमागें कारखाने, आणि मुखीं आज्ञेऐवजीं प्रश्न: स्वयंसेवक म्हणून नांव नोंदविलेंस का? या चित्रांची अदलाबदल केली असती, तर तीं निरर्थक ठरलीं असतीं.

आपल्याकडील उखाण्यांचें असेंच नाहीं काय? यमक शेजारणीकडून उसनें आणलें तरी कोणी दोष देत नाहीं. नांव मात्र आपल्याच पतीचें घ्यावें लागतें!

म्हणून माझें पुतण्याला सांगणें इतकेंच कीं, कल्पना जुनी निघाली एवढ्यावरून ती फेंकून देऊं नये. जाहिरातींतील मालाचें नांव पुसून दुसऱ्याचें घालून पाहावें. तरीही ती तितकीच चपखल बसली, तर तींत आपलें असें कांहीं नाहीं; कोणी चोर म्हणो वा न म्हणो, ती पुन्हा लिहावयास घ्यावी. दुसरें नांव तींत बसतच नसेल, तर मात्र खुशाल छापावयास द्यावी.