हवा कुठनं शिरतीया

टेम्पो दादाचा. कर्जावर घेतलेला, सेकंडहँड, जुन्या पंपाचा. पुढच्या काचेवर निळं अशोकचक्र, खाली जयभीम. शाहूपुरीत माल भरायचा, गावोगाव टाकायचा. ही पेठ शाहू महाराजांनी 1895 साली गुळाच्या व्यापारासाठी वसवली. आमच्या आज्ज्यानं हितं पाठीवर ढेपा वाहिल्या. नातवानं चाकं घेतली, एवढाच फरक.

गेल्या पावसाळ्यात टेम्पो सकाळचा सुरू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. गल्लीतली पोरं ढकलायची. एकदा पेटला की दिवसभर चालायचा. रात्रभर उभा राहिला की पुन्हा तेच.

दादानं गॅरेजला नेला. गॅरेजवाल्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिण्याइतका तो एकटा नाही. त्यानं आधी काच वाचली, मग दादाकडं बघितलं. इंजिनाला हात न लावता म्हणाला, "पंप गेलाय. बावीस हजार. तुमास्नी काय, सरकारचा पैसा हाय की." दादा हसला. ते हसणं मी लहानपणापासनं वळखतो. आमच्या बापाचंबी असंच होतं.

ह्याच कोल्हापुरात पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळ्याला महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला हात दिला, आणि सगळ्यांदेखत तिथला चहा प्याले. चहाची बंदी उघड होती, म्हणून उघड मोडता आली. काच वाचणाऱ्या डोळ्याचं काय करायचं?

मी म्हटलं, "दादा, पंप काढायचा न्हाई. रविवारी मी बघतो."
"तू सूतगिरणीतला. तुला काय कळतंय डिझेलचं?"

खरं होतं. पण मित्रांनो, रिंगफ्रेमवर धागा सारखा तुटायला लागला तर आम्ही रिंगफ्रेम विकत नाही. मागं जातो. बॉबिन बघतो, सिम्प्लेक्स बघतो, ड्रॉफ्रेम, कार्डिंग, पार ब्लोरूमपर्यंत. टेम्पोतबी डिझेल धाग्यासारखंच येतं. टाकीतनं पाइप, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, मग नोझल. जुन्या बाजारातनं आणलेलं एक इंग्रजी मॅन्युअल होतं. डिक्शनरी घेऊन तीन रात्री बसलो. डिझेलला प्लगची ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती पाचशे डिग्रीच्या वर तापती, आणि त्यात डिझेलचा फवारा सोडला की आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेलनं हे इंजिन 1897 साली चालवून दाखवलं. म्हणजे फवाऱ्याआधी पाइपात हवा शिरली की खेळ खलास. हवा दबती, डिझेल पुढं सरकत नाही.

रविवारी पहिल्यांदा धूर बघितला. सेल्फ मारताना मागनं पांढरा धूर आला असता, तर डिझेल पोचतंय पण जळत नाही असं धरलं असतं. काळा आला असता, तर डिझेल जादा किंवा हवा कमी. हितं धूरच नाही. डिझेल पोचतच नव्हतं.

मग फिल्टरच्या तळातलं डिझेल काचेच्या बाटलीत काढलं. पावसाचे दिवस, पाणी असलं तर खाली बसतं. अर्धा तास ठेवलं. पाणी नव्हतं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला, तर फसफस फेस आला. बुडबुडे संपल्यावर स्क्रू आवळला. सेल्फ मारला, पेटला. दादा खूश. मी म्हटलं, थांब, उद्या सकाळी पुन्हा बंद पडंल. पडला. (मी तेव्हा पहिल्या पाळीत होतो. फोनवर शिव्या खाल्ल्या.)

पुढच्या रविवारी टाकीचा पाइप सोडला. स्वच्छ डिझेलचा कॅन पंपाच्या वर बांधला, त्यातनं सरळ फीड पंपाला पाइप दिला. हवा काढली, रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पहिल्याच सेल्फला इंजिन बोललं. म्हणजे पंप बरा, नोझल बरं. खोट टाकीकडच्या पाइपात.

पण बाहेर डिझेलचा एक थेंब नाही. हेच मला कळत नव्हतं. मग डोक्यात उजेड पडला. हा पाइप ओढीवर चालतो. चालू असताना भेगेतनं डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्री तीच हवा डिझेलला मागं टाकीत ढकलते. जमीन कोरडी, पाइप रिकामा. टाकीचा पाइप परत जोडून मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा घातला. इंजिन चालू, नळीतनं मण्यांसारखे बुडबुडे. चासीजवळ क्लिपाखाली रबर चिरलं होतं. वाकवलं तरच दिसायचं.

पाइप, दोन क्लिपा, आणि हात लागलाच आहे म्हणून नवा फिल्टर. हजाराच्या आत काम झालं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. नोझलचा नट सैल करून बघायचा असला तर बोटं आणि डोळे लांब ठेवा, फवारा कातडीतनं आत जातो. आणि नव्या कॉमन रेलच्या गाडीत तर ही लाइन घरी सोडूच नका. तिथला दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीवर असतो.

आता रविवारी दारात कुणाची ना कुणाची गाडी उभी असते. काल आलेलीचा धूर काळा होता. एअर फिल्टर झटकला, ओंजळभर धूळ निघाली. मालक गुळाच्या पेठेतला, आमच्यातला नव्हे. आईनं चहा पुढं केला. त्यानं घड्याळ बघितलं, मग कप घेतला. अर्धा प्याला.