एकतीस घरांची तक्रार

अम्मींनी शिलाईच्या पैशांतून सहा वर्षं उमऱ्यासाठी बचत केली होती. बॅग भरून झाली, नातेवाइकांना "कहा-सुना माफ करा" म्हणून झालं, आणि निघायच्या आठ दिवस आधी टूरवाल्याच्या ऑफिसला कुलूप लागलं. आमच्यासारखी एकतीस घरं होती.

जो तो आपापल्या परीने फोन करत होता. अनेकांना वकिलाची फी झेपणारी नव्हती. तेव्हा ओळखीच्या वकीलसाहेबांनी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ३५ समजावलं. अनेक ग्राहकांचं हित एकच असेल, तर त्यांच्यापैकी एक किंवा काही जण जिल्हा आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने तक्रार करू शकतात. पण हित खरोखर समान असल्याचं दाखवावं लागतं. बेंगळुरूच्या एका गृहप्रकल्पात ५१ फ्लॅटच्या ९१ खरेदीदारांना २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व ११३४ फ्लॅटधारकांचे प्रतिनिधी मानलं नाही. त्यांच्यापुरती संयुक्त तक्रार तेवढी चालू दिली.

म्हणून आम्ही घरोघरी जाऊन पावत्या जमवल्या. तारीख एक, पॅकेज एक, मागणीही एकच. लिहिणंवाचणं आमच्याकडे, म्हणून अर्जावर नावही आमचं लागलं.

परवानगी मिळाली, बाकीच्यांना नोटिसा गेल्या, आणि एका संध्याकाळी फोन आला : "सर, तुमचे पैसे उद्या घरपोच देतो. तक्रार मागे घ्या."

खोटं कशाला बोलावं, आमचं मन डगमगलं. अम्मी सत्तरीच्या पुढे आहेत. पैसे आले असते तर रमजानआधी त्यांना पाठवता आलं असतं. आम्ही त्यांना विचारलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि बाकीच्यांचे?"

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी सांगितलं, की अशी तक्रार सर्वांना नोटीस दिल्याशिवाय मागे घेता येत नाही की त्यात परस्पर तडजोड करता येत नाही. निकालही सर्वांना बांधील असतो. सर्वांच्या नावाने उभं राहिलं, की ती अमानत होते. ही गोष्ट आम्ही वर्गात मुलांना शिकवतो. आम्हाला मात्र ती अम्मींनी शिकवली.

प्रकरण अजून सुरू आहे. वाचकांना एवढंच सांगणं : पैसे देताना पावती घ्या, ती जपून ठेवा आणि तक्रारीची दोन वर्षांची मुदत हातची जाऊ देऊ नका. अम्मींची बॅग अजून भरलेलीच आहे.