शिंपल्याच्या खिडक्या

निपाणीच्या परिसरात राहणाऱ्या माणसाची समुद्राशी ओळख बहुधा कानांनीच झालेली असते. आमच्या गावात हंगामाला तंबाखूचा उग्र वास पसरतो, गुऱ्हाळे सुरू झाली म्हणजे उसाच्या रसाचा गोड वास येतो; परंतु खारा वारा घाट चढून इकडे कधी येत नाही. मासळी तेवढी येते, आणि तीही बर्फात निजून. बेळगावच्या छावणीतील बाजारात सकाळी बांगड्याच्या टोपल्या उतरल्या की आमच्यासारख्या कोकणी घरांतील माणसांची पावले आपोआप तिकडे वळतात. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड अशा तीन भाषांत आमचा दिवस उगवतो व मावळतो. पण जेवणाच्या पानावर मात्र समुद्राचीच भाषा चालते.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात जपानविषयी बोलता बोलता मी तोबा या शहराचे वर्णन केले. जपानच्या मिए प्रांतातील हे लहानसे बंदर मोत्यांसाठी आणि मासळीसाठी जगभर प्रसिद्ध आहे. मिकिमोतो कोकिची हा तेथलाच. १८५८ साली शेवयांचे दुकान चालविणाऱ्या घरात तो जन्मला. समुद्रातील शिंपले वेचून वेचून संपत चालले आहेत हे पाहून, मोती शिंपल्याकडून मुद्दाम करवून घेता येईल काय, या विचाराने त्याला पछाडले. १८९२ साली समुद्राचे पाणी तांबूस झाले आणि त्या विषारी पाण्याने त्याचे जोपासलेले शिंपले हजारोंनी मेले. तरी तो व त्याची पत्नी उमे यांनी धीर सोडला नाही. ११ जुलै १८९३ रोजी तोबाजवळच्या बेटावर वाचलेले शिंपले उघडून पाहताना त्यांना एका शिंपल्याच्या कवचाला चिकटलेला अर्धगोल मोती सापडला. पूर्ण गोल मोती हाती येण्यास पुढे आणखी काही वर्षे गेली. आज त्या बेटावर प्रवाशांची गर्दी लोटते, आणि श्वास रोखून समुद्रतळाशी बुडी मारणाऱ्या ‘आमा’ नावाच्या बायका पांढऱ्या पोशाखात आपले जुने कौशल्य त्यांना दाखवितात.

हे ऐकून मागल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, असा गाव आपल्या किनाऱ्यावर का नाही?”

तमिळनाडूतील तुतिकोरिन येथे १९७३ साली आपल्या शास्त्रज्ञांनी गोल मोती तयार केला, एवढे मी तिला सांगितले. ते खरेच होते; परंतु तिचा ‘आपला किनारा’ तुतिकोरिनचा नव्हता. तो आंबोली किंवा चोर्ला घाटाखालचा होता.

मोत्यांशी आम्हा मराठी-कोकणी बायकांचे नाते तसे नाकावरचे! नथ, तन्मणी, चिंचपेटी यांवाचून आमच्याकडचे लग्न साजरे होत नाही. माझ्या आजीच्या नथीत बसरा मोती होते. हे मोती इराणच्या आखातातले. बसरा व मुंबई येथील व्यापाऱ्यांच्या हातांतून ते आपल्याकडे येत. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून, एका श्वासाच्या बळावर ते काढणारे पाणबुडे बहुतेक आपल्या नाखव्याच्या कर्जात बुडालेले असत. १९२९ च्या जागतिक मंदीने आणि जपानी मोत्यांच्या आगमनाने १९३० नंतरच्या दहा वर्षांत तो धंदा मोडून गेला. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आम्ही नव्या मोत्यांची नथ केली, तेव्हा एक वडीलधारी बाई सर्वांदेखत “खोटे मोती!” असे म्हणाल्या. मला ते पटले नाही. माणसाने शिंपल्याच्या पोटात मणी ठेवला एवढेच. त्यावर थरावर थर चढविण्याचे कष्ट शिंपल्याचेच असतात. गंमत अशी की, जपानी मोत्यांच्या पोटातला तो मणी बहुधा अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील शिंपल्यापासून घडविलेला असतो.

असो. मुद्दा त्या मुलीच्या प्रश्नाचा होता, आणि गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत पणजीस मावशीकडे जाताना तो माझ्याबरोबर गाडीत बसला होता.

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला या मार्गाने आम्ही निघालो. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेस वळून कृष्णेला मिळते. आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरते, घाट उतरते आणि मांडवी होऊन पणजीपाशी समुद्रास मिळते. तिच्या पाण्यावरून तीन राज्यांत चाललेला वाद येथे नको. मला एवढेच वाटले की, आम्ही समुद्रापासून कितीही दूर राहात असलो, तरी आमच्या रानातले पावसाचे पाणी न चुकता तेथे जाऊन पोचते.

पणजीचे वर्णन मी करीत बसत नाही. १८४३ साली ती पोर्तुगिजांच्या राज्याची राजधानी झाली, १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचताच. मी सांगते ती तेथल्या मासळी बाजाराची गोष्ट. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. म्हणून मेअखेरीस बाजारात एक प्रकारची घाई असते. इस्वण, शेवटे, सुंगटे यांच्या ढिगांशेजारी तिसऱ्या, खुबे, शिणाणे आणि कालवे यांचे वाटे मांडलेले. हा शिंपल्यांचा बाजार जवळजवळ सगळा बायकांच्या हाती. मावशीने दोन वाटे तिसऱ्या घेतल्या आणि घरी येऊन त्यांची एकशिपी केली. शिंपला उघडायचा, मांस एका शिंपीत राखायचे, दुसरी टाकून द्यायची, म्हणून ती एकशिपी. ओले खोबरे, सुकी मिरची आणि आंबटाला सोल. तोबाचे लोक आपल्या शेवंड्यांची कितीही वाखाणणी करोत, मावशीच्या एकशिपीपुढे मी त्या उजव्या मानणार नाही.

जेवण झाल्यावर मी आडवी झाले तेव्हा माझे लक्ष खिडकीकडे गेले. मावशीचे घर माळा भागात, जुन्या पद्धतीचे आहे. लहानपणापासून ती खिडकी मी पाहात आले होते. पण आपण घरातल्या वस्तू पाहतो त्या केवळ त्यांना धडकू नये म्हणून! तिच्या लाकडी झडपांत काच नाही. तळहातापेक्षा लहान, चौकोनी कापलेले पातळ शिंपले लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ओळीने सरकविलेले आहेत. गोव्यात त्यांना पोर्तुगीज वळणाने ‘कारेप’ म्हणतात. पूर्वी काच दुर्मीळ आणि महाग होती. तेव्हा येथील देवळाजवळची घरे काय, चर्चे काय आणि जमीनदारांचे वाडे काय, सर्वांच्या खिडक्यांना शिंपल्यांनीच उजेड पुरविला. बाहेर मे महिन्याचे रणरणते ऊन होते, आणि आत मात्र ते दुधात कालवून आल्यासारखे जमिनीवर पसरले होते.

त्या खिडकीतील एकोणीस शिंपले फुटले होते. काही ठिकाणी पुठ्ठा लावलेला, एका ठिकाणी पत्रा ठोकलेला. परदेशी असलेल्या मुलाने पैसे पाठविले होते आणि पावसापूर्वी तेथे सरकत्या काचेची अॅल्युमिनियमची खिडकी बसवून घे, असे बजावले होते. कारागीर येऊन मापेही घेऊन गेला होता. मावशी मात्र अडून बसली होती.

“काचेंतल्यान उजवाड येता गो,” ती मला म्हणाली, “पूण तो दोळ्यांक तोंपता.”

काचेचा उजेड डोळ्यांना टोचतो, असे तिचे म्हणणे. मुलाचे म्हणणेही वावगे नव्हते. सत्तरीच्या बाईने दर पावसाळ्यात भोकांतून येणाऱ्या पाण्याखाली बादल्या किती दिवस मांडाव्यात? तिने शेवटी एक जुना सुतार बोलाविला. त्याने झडपा निरखल्या आणि सांगितले, लाकूड अजून शंभर वर्षे जाईल. पण शिंपले आणायचे कोठून?

या शिंपल्याची थोडी ओळख करून देते. शास्त्रज्ञ त्याला ‘प्लॅकुना प्लॅसेंटा’ म्हणतात. पापडासारखा चपटा आणि जवळजवळ गोल असा हा जीव खडकाला चिकटत नाही. खाडीच्या मऊ चिखलावर तो नुसता पहुडलेला असतो आणि पाणी गाळून त्यातील सूक्ष्म कणांवर जगतो. फिलिपाइन्समध्येही याच शिंपल्याच्या खिडक्या होत्या, आणि आज तेथे त्याचे दिवे व झुंबरे करतात. २०१४ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कवचात सुमारे ९९ टक्के कॅल्साइट, म्हणजे खडूच्या दगडाच्या जातीचेच द्रव्य असते. तरी त्यातून सुमारे ८० टक्के प्रकाश पलीकडे जातो. आणि घाव बसला तर तडा घावाच्या जागीच थांबतो, सगळा शिंपला फुटत नाही. खडूचा दगड आणि मावशीची खिडकी एकाच द्रव्याची, हे वाचून मला फार मौज वाटली. या शिंपल्यात मोतीही होतात. पण ते बारीक, वेडेवाकडे आणि पाणी नसलेले. अलंकारात त्यांना स्थान नाही. मोत्यांच्या भस्मासाठी मात्र वैद्य ते वापरीत आले आहेत.

मावसभाऊ वास्कोस नोकरी करतो. त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी नव्या झुआरी पुलावरून मी चिखली गावी गेले. या गावासमोरच्या झुआरीच्या उपसागरात या शिंपल्याचे माहेर आहे. गावाचे नाव चिखली, आणि शिंपल्यास हवा असतो तोही चिखलच! ओहोटी लागली होती. कमरेएवढ्या पाण्यात सात-आठ बायका उभ्या होत्या. प्रथम मला वाटले, त्या गप्पा मारीत आहेत. मग ध्यानात आले की त्या पायांनी शोधीत आहेत. पायाला तिसरी लागली की वाकायचे, हाताने ती काढायची आणि शेजारी तरंगणाऱ्या टोपात टाकायची. त्यांच्याभोवती प्रवाशांची गर्दी नव्हती, कोणी छायाचित्रेही घेत नव्हते. तोबाच्या आमा बायकांचे चित्र मी वर्गात भिंतीवर लावले होते. त्याच जातीचे कसब घरापासून चार तासांच्या वाटेवर रोज चालते, हे मला ठाऊक नव्हते.

त्यांतली एक बाहेर आली तेव्हा मी तिला खिडकीच्या शिंपल्यांविषयी विचारले. तिने पाण्याकडे बोट दाखविले. आहेत, म्हणाली, पण आता कोणी काढीत नाही, काढायला बंदी आहे. ते खरे आहे. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत या शिंपल्याचे नाव घालण्यात आले. “हांगा मोती मेळटात?” असे मी विचारताच मात्र ती मनापासून हसली आणि ओले हात पदराला पुशीत म्हणाली, “आमचें मोतीं हेंच,” आणि तिने टोपातल्या तिसऱ्या हलवून दाखविल्या.

या उपसागराच्या काठावर अलीकडच्या वर्षांत हौशी नौकांसाठी मरिना बांधण्याच्या योजना पुढे आल्या, आणि मासे धरणाऱ्या लोकांनी त्यांना विरोध केला. योजना आखणाऱ्यांच्या दृष्टीने तळाचा गाळ म्हणजे उपसून फेकण्याची वस्तू. परंतु चिखलावर निजणाऱ्या जीवाच्या अंगावर ढवळलेला गाळ बसला की त्याचा श्वास कोंडतो. तो उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही. मिकिमोतोचे शिंपले पाणी बिघडल्याने मेले, तेव्हा त्याच्यापाशी पुन्हा आरंभ करण्याची ईर्षा होती आणि समोर मोत्यांची किंमत होती. येथे मोती नाही. ज्याची किंमत बाजारात सांगता येत नाही अशा वस्तूसाठी भांडणे फार अवघड असते, आणि या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या बायका ते करीत आहेत. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला सांगण्यासारखे मला तेथे बरेच मिळाले.

सायंकाळी पणजीस परतले तो सुतार ओट्यावर बसलेला. पलीकडच्या आळीत एक जुने घर पाडीत होते. तेथून त्याने दोन मोडक्या झडपा मागून आणल्या होत्या. रात्री आम्ही तिघांनी मिळून त्यांतले शिंपले हळूच बाहेर सरकविले, साबणाच्या पाण्यात धुतले आणि फडक्यावर वाळत घातले. तेवीस शाबूत निघाले. एकोणीस खिडकीत बसले. उरलेले चार मावशीने वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या पिंपात ठेवले आणि मुलाला फोन करून, पैसे परत पाठविते म्हणून सांगितले. तो थोडा रागावला. मग त्याने खिडकीचे छायाचित्र मागितले.

सकाळी ऊन आले तेव्हा नव्याने बसविलेले शिंपले ओळखू येत होते. ते बाकीच्यांपेक्षा किंचित पिवळसर होते. त्या पाडलेल्या घरात ती खिडकी चुलीजवळची असावी.