वरघोड्यानंतरचा घोडा

लग्नसराई सुरू झाली की पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात संध्याकाळच्या रस्त्यावर पांढरा घोडा दिसू लागतो. कपाळावर चमचमती पट्टी, पाठीवर जरीची झूल, पायांत घुंगरू. दीक्षार्थीचा वरघोडा असो, रथयात्रा असो वा वऱ्हाड असो, घोड्यावाचून शोभा नाही अशी समाजाची समजूत आहे. कानाशी बँड वाजतो, पायाशी फटाके फुटतात, डोळ्यांसमोर दिव्यांच्या माळा लखलखतात आणि घोडा निमूटपणे उभा असतो. पाहणारा म्हणतो, ‘किती शांत जनावर!’ वस्तुतः घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. पळण्यास जागा उरली नाही की तो थिजून उभा राहतो. त्या थिजण्यालाच माणूस शांतपणा म्हणतो.

चातुर्मास लागतो, लग्ने थांबतात आणि घोड्याची कमाईही थांबते. पोट मात्र थांबत नाही. मालक बहुधा हातावर पोट असलेला असतो. आधी चंदीतला हरभरा कमी होतो, मग कोंडा, मग वैरण. नालबंदाचे पैसे पुढच्या हंगामावर ढकलले जातात. दोन-चार वर्षांत घोडा लंगडू लागला की वरातीत तो शोभत नाही. तो हलक्या किमतीत दुसऱ्याच्या हाती जातो, त्याच्याकडून तिसऱ्याच्या, आणि जरीची झूल पाठीवर होती तिथे माती किंवा विटांचे ओझे येते. अखेरीस तो कोणाचाच राहत नाही.

दांडीच्या परिसराला हा विषय दूरचा नाही. बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी असलेले हे मच्छीमारांचे गाव. येथे घोड्याचे काम ते काय, असे कोणासही वाटेल. परंतु याच पालघर-डहाणूच्या माळरानांवरचे गवत एकेकाळी गाठी बांधून रेल्वेने मुंबईला जात असे आणि तिथल्या तबेल्यांत जनावरांपुढे पडत असे. स्टेशनालगतच्या वखारींनी कित्येक व्यापारी घराणी उभी केली. ते गवत कापणारे हात वारल्यांचे होते. त्या कापणीच्या मजुरीसाठी त्यांनी १९४५ साली लढा दिला आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. चाऱ्याच्या जमाखर्चात हे पानही आहे. जीवदयेची वही उघडणाऱ्याने ते चिकटवून टाकू नये.

मुंबईचा घोडा तेव्हा साऱ्या शहराचा भार ओढीत होता. ९ मे १८७४ रोजी तिथे घोड्यांची ट्राम सुरू झाली. त्या कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे असल्याचे सांगितले जाते. योगायोग असा की प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी मुंबईतील संस्थाही त्याच १८७४ सालची. पुढच्या दशकात शेठ दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळला बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच्याच आश्रयाने पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याआधी अर्धशतक, १८३४ मध्ये, भुलेश्वरला पांजरपोळ स्थापन झाला होता. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, त्यावरून शहरात दंगा उसळला आणि त्यातून सर जमशेदजी जीजीभाई व शेठ मोतीशा या दोघांच्या पुढाकाराने ही संस्था जन्माला आली. एक पारशी, एक जैन. दोघेही समुद्रापारच्या व्यापारातले. भायखळ्याचे देरासर आणि शत्रुंजयावरील टूंक यांमुळे मोतीशा शेठांचे नाव घराघरांत आहे. पांजरपोळाचे श्रेय मात्र त्यामानाने कमी आठवले जाते.

ट्रामचे घोडे गेले, व्हिक्टोरियाचे राहिले. नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत रुपेरी पत्र्याने मढवलेल्या गाड्या ओढणाऱ्या या घोड्यांची बाजू एका प्राणिमित्र न्यासाने न्यायालयात मांडली आणि ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील या हौसेच्या सवाऱ्या बेकायदेशीर ठरवल्या. २०२१ मध्ये त्याच रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. निकाल योग्यच होता. पण निकालाने घोडा गाडीतून सुटतो, भुकेतून सुटतोच असे नाही. सोडवलेल्या जनावराला कोणीतरी पुढची दहा-पंधरा वर्षे सांभाळावे लागते, कारण नीट निगा राखली तर घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो आणि कामातून तो त्याच्या निम्म्या वयातच बाद होतो.

आश्रयस्थानात येणारा असा घोडा प्रथम पाहणाऱ्याला दया येते ती त्याच्या बरगड्यांची. जाणता माणूस मात्र आधी पाय पाहतो, मग दात, मग शेण. वाढलेले खूर पुढे वळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक पावलाला सांधा चुकीच्या दिशेने दाबला जातो. दाढांना धारदार कंगोरे आलेले असतात. घोडा गवत चघळतो आणि अर्धवट चघळलेला बोळा तोंडातून खाली टाकतो. पुढ्यात चारा असून तो उपाशी का, याचे उत्तर कित्येकदा या बोळ्यात असते. पिछाडीच्या दोरीने मागच्या पायांना वळ पडलेले, पट्ट्याखाली छातीची कातडी सोललेली. ही जखम भरली तरी तिथे पांढरे केस उगवतात, कारण रंग देणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. तांबड्या घोड्याच्या पाठीवरील पांढरे ठिपके म्हणजे त्याच्या चाकरीची नोंदवहीच.

अशा वेळी भाविक माणसाच्या हातून पहिली चूक घडते ती प्रेमापोटी: तो हरभरा, गूळ, कोंडा यांची पाटी भरून पुढे ठेवतो. जैन घरांत याचे कारण समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. मासक्षमणाच्या पारण्याला तपस्व्याच्या पानात कोणी लाडू वाढत नाही; मुगाचे पाणी देतात, तेही घोटाघोटाने. घोड्याचेही तसेच. दीर्घ उपासमारीनंतर एकदम पिष्टमय खाणे पोटात गेले की रक्तातील फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम ही द्रव्ये झपाट्याने पेशींत ओढली जातात आणि तीन-पाच दिवसांत हृदय किंवा श्वास बंद पडून, वाचलेले म्हणून ज्याचे कौतुक चालले होते ते जनावर दगावते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी यावर प्रयोग करून जी रीत सांगितली ती साधी आहे: पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो वाळवलेला लसूणघास, मग हळूहळू वाढ, आणि दहा दिवसांपर्यंत धान्याचा दाणाही नाही. दर चार तासांनी म्हणजे रात्री दहालाही आणि पहाटे दोनलाही. चौविहार पाळणाऱ्या घराने दान दिलेल्या गोठ्यात मध्यरात्री कंदील लावून वैरण टाकली जाते, यात विसंगती शोधणाऱ्याने ती खुशाल शोधावी.

वजन भरून येण्यास तीन ते पाच महिने लागतात. खुराची भिंत महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढते, म्हणून संपूर्ण नवा खूर येईपर्यंत जवळजवळ वर्ष जाते. तोवर दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाने कानस लावायची. सकाळी खरारा, मग पाणी, मग वैरण, खुरांतील माती काढणे, जखमा धुणे, माश्या वारणे, दुपारी सावली. कोकणच्या पावसाळ्यात जमीन कोरडी ठेवणे हे तर औषधापेक्षा मोठे काम, कारण ओल्या शेणात उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या खुराचा तळ कुजतो. त्यात पोटशुळाची धास्ती कायमची. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे, अडकले तर जिवावर बेतते. म्हणूनच त्याच्या लिदीकडे बाळाच्या लंगोटाइतके लक्ष द्यावे लागते.

मनाचे बरे होणे याहून सावकाश चालते. गाडीच्या घोड्याच्या डोळ्यांना आयुष्यभर झापडे असतात. घोड्याची नजर मुळात जवळजवळ सभोवार पोहोचणारी. झापडे काढल्यावर अर्धे जग त्याला नव्याने दिसते आणि मागून चालत येणाऱ्या माणसाच्या सावलीलाही तो दचकतो. त्याच्याकडे बाजूने, बोलत, रिकाम्या हाताने जावे लागते. हात उचलला की मान वर फेकणे ही सवय महिनोन्महिने सुटत नाही. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ का होईना आडवे व्हावेच लागते आणि भीती असेल तोवर तो आडवा होत नाही. सांभाळणारे मोतद्दार वजनकाट्यापेक्षा याची वाट पाहतात. एखाद्या पहाटे अंगाला डाव्या बाजूने गवत चिकटलेला घोडा दिसतो, आणि तो रात्री निजला हे कळते.

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: घट्ट बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे, अन्नपाणी तोडणे. प्रतिक्रमणात ते नित्य म्हटले जातात. पिछाडीचा वळ, चाबकाची रेघ, जास्त श्वास घेता यावा या अडाणी समजुतीने चिरलेली नाकपुडी, सोललेली छाती, दिसणाऱ्या बरगड्या, असे पाचही एकाच घोड्याच्या अंगावर एकदम वाचता येतात. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात वर्ज्य धंद्यांमध्ये भाटककर्मही येते. गाड्या आणि जनावरे भाड्याने देऊन उपजीविका करणे श्रावकाला निषिद्ध. तो निषेध आजही पाळला जातो. भाडे घेणारा दुसऱ्या समाजाचा असतो, भाडे मोजणारा मात्र श्रावक असतो. देशाचा कायदाही मुका नाही. ओझेवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनुसार दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम नाही आणि पारा ३७ अंशांच्या वर गेल्यावर दुपारी बारा ते तीन या वेळेत जुंपणे नाही. वरघोड्याचा मुहूर्त ठरवताना हा नियम किती जणांच्या ध्यानात असतो?

सर्वांत अवघड प्रश्न बऱ्या न होणाऱ्या घोड्याचा. मोडलेल्या पायाचा भार दुसऱ्या पायावर पडतो आणि काही दिवसांत तोही खुरातून सुजतो. पशुवैद्य म्हणतो, इंजेक्शन देऊन सोडवा. १९६० च्या कायद्याने तशी मुभा ठेवली आहे. पांजरपोळ म्हणतो, आयुष्य हिरावण्याचा अधिकार कोणाला? १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला महात्मा गांधींनी इंजेक्शन देवविले, तेव्हा सर्वाधिक संतप्त पत्रे अहिंसेची चाड असलेल्यांकडूनच आली होती. हा वाद मिटलेला नाही, आणि ग्लँडर्ससारख्या माणसालाही होणाऱ्या रोगात कायदा निवड ठेवतच नाही. परंतु एवढे म्हणता येईल की ‘मारणार नाही’ या शब्दांवर काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. निजून राहिलेल्या घोड्याला दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते. तीन-साडेतीनशे किलोचे अंग, चार माणसे, रात्रीसुद्धा. वेदनाशामके, मऊ अंथरूण, शय्याव्रणांची निगा. हे करण्याची तयारी नसलेल्या संस्थेत न मारण्याचे व्रत जनावराच्या अंगावर फेडले जाते.

घोड्याचे आणखी एक ऋण या किनाऱ्यावर आहे. दांडीपासून जव्हारच्या डोंगरापर्यंत भाताच्या खाचरात सर्पदंश झाला की आरोग्य केंद्रात जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तातून येते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष अल्प मात्रेत वाढवत घोड्याला देतात. त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात, तीच रुग्णाला वाचवतात. त्या घोड्यांनाही म्हातारपण येतेच.

पांजरपोळांत ‘तिथी’ लिहून देण्याची रीत जुनी आहे. वडिलांच्या पुण्यतिथीला, नातवाच्या वाढदिवशी एका दिवसाच्या चाऱ्याची रक्कम भरायची, फळ्यावर नाव झळकते. ही रीत उत्तम आहे; तिच्यावरच शेकडो संस्था उभ्या आहेत. मात्र नालबंदाच्या फेरीची, दाढा कानसणाऱ्या वैद्याची, रात्रीच्या पाळीच्या मोतद्दाराच्या पगाराची तिथी क्वचितच कोणी लिहितो. त्या फळ्यावर मावत नाहीत, असे तर नव्हे? बोईसर-पालघरच्या दुकानांत मालाच्या खरेदीबरोबर गाडीभाडे, हमाली, घट यांचा हिशेब वेगवेगळा मांडण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे. वरघोड्याच्या खर्चातही घोड्याच्या भाड्याखाली आणखी एक ओळ सहज मावेल: चातुर्मासाच्या चार महिन्यांची त्याची वैरण. स्थानिक घोड्याला दिवसाला पाच-सहा किलो सुका चारा पुरतो. बाजारभाव व्यापाऱ्यांना ठाऊक आहेतच.