उजाळा

दिवाळी जवळ आली की आईचा कोल्हापुरी साज गुजरीत उजाळ्याला न्यायचा, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. सोनार तो हातात घेतो आणि दरवर्षी तेच बजावतो, "काकू, उजाळा देतो, पण बेतानं. फार घासलं तर मासा आणि कासव दोघंही गुळगुळीत व्हायचे!" हे वाक्य मी इतकी वर्षे ऐकत आलो आहे. पण मराठीचा अध्यापक असूनही त्याचा अर्थ मला यंदाच कळला.

झाले असे की, यंदा आईचे सहस्रचंद्रदर्शन होते. त्या दिवशी तिला काय द्यावे, याचा खल करता करता मला अप्पांची कॅसेट आठवली. आमचे अप्पा कचेरीत कारकून. देवल क्लबात गाणे असले की शेवटच्या रांगेत बसायचे, आणि परतताना रंकाळ्यापर्यंत गुणगुणत यायचे. चारचौघांत मात्र ते कधी गायले नाहीत. 1987 सालच्या दिवाळीत शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर रात्रीपुरता मागून आणून त्यांनी एक भैरवी म्हटली. बटण आईने दाबले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि फराळ हाणून गाढ झोपलो होतो. अप्पांचा आवाज म्हणून आज आमच्याजवळ आहे तो एवढाच.

ही भैरवी अगदी हळू सुरू होते. इतकी हळू की, कान पुढे करावा लागतो. "निबंधाची सुरुवात अशी करावी," असे मी वर्गात कित्येकदा सांगितले आहे. "कुजबुजीने सुरुवात करा, म्हणजे वाचक आपण होऊन पुढे सरकतो. माझ्या वडिलांची ती कलाच होती!"

आमचा भाचा बंडू पुण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करतो. मी कॅसेट त्याच्या स्वाधीन केली आणि ऐटीत सांगितले, "शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोचलं पाहिजे हो!"

तो आला आणि संगणक उघडून बसला. पडद्यावर अप्पांचे गाणे डोंगररांगेसारखे पसरले. मी शेजारी खुर्ची ओढली. त्याने मला जे शिकवले ते असे. कॅसेटची फीत चार मिलिमीटरांहूनही अरुंद. ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. एवढ्याशा जागेत आवाज कोंबायचा, म्हणून मागे सतत 'स्स्' अशी सळसळ राहते. ती असते वरच्या पट्टीत. विजेचा गुंजारव खालच्या पट्टीत, आपल्याकडे सेकंदाला 50 कंपनांचा. इक्वलायझर नावाच्या साधनाने प्रत्येक पट्टी वेगवेगळी कमीजास्त करता येते. पण सळसळ फार काढली, तर त्याच पट्टीत राहणारे आपले 'स' आणि 'श' हेही तिच्याबरोबर जातात. गाणाऱ्याच्या तोंडात जणू बोळा कोंबला जातो.

त्यानंतर कॉम्प्रेसर. मोठा आवाज दाबायचा आणि मग सगळेच वर उचलायचे, की लहानमोठ्यातले अंतर कमी होते. मला हे लगेच पटले. परीक्षेच्या मॉडरेशनमध्ये आम्ही दुसरे काय करतो? हुशारांचे दोन गुण काढायचे, ढकलपासांना चार द्यायचे, आणि निकाल कसा एकसारखा! शेवटी लिमिटर. ती भिंतच, आवाज तिच्यापलीकडे जायचा नाही.

"मामा, खरं सांगू?" बंडू म्हणाला, "सीडीच्या जमान्यात कंपन्यांनी याच साधनांनी गाणी मोठी मोठी करत नेली. आता इंटरनेटवर गाणी ऐकवणारेच सगळ्यांचा आवाज एका मापाला आणतात. ओरडून फायदा काहीच नाही. दाबलेलं गाणं दाबलेलंच राहतं."

"ते इंटरनेटचं राहू दे. आपल्याला दिवाणखान्यात ऐकवायचंय," मी म्हणालो. पोराने मुकाट्याने बटणे फिरवली.

समारंभाच्या आदल्या रात्री आईला म्हटले, "ऐक." अप्पांचा आवाज पहिल्या क्षणापासून असा दणदणला की, देवघरातली घंटा किणकिणेल असे वाटले. मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिले. ती पदराचे टोक चाळवीत बसली होती.

"आवाज त्यांचाच आहे रे. पण हे एवढ्यानं कधी सुरुवात करत नसत." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मामंजींचं घोरणं कुठं गेलं?"

बंडू चपापला. "आजी, सुरुवातीला दहाबारा सेकंद नुसतीच घरघर होती. मला वाटलं, यंत्राचीच. ती कापली, आणि पुढचीही दाबून टाकली."

आई हसली, पण डोळ्यांनी हसली नाही. "मामंजींना गाणं खपत नसे. गाणं म्हणजे घर बुडवायचा धंदा, असं म्हणायचे. पलीकडच्या खोलीत त्यांचं घोरणं सुरू झालं की मग हे तोंड उघडायचे, तेही दबकत. घोरणं नीट लागलं की आवाज सोडायचे. त्या रात्रीही मी घोरणं ऐकून मगच बटण दाबलं."

मी गप्प झालो. बेचाळीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, स्वतःच्या घरात चोरून गात होता. आणि मी त्याला कला म्हणून वर्गात शिकवीत होतो!

अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारात मानाने ठेवले, ते याच कोल्हापुरात. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर आकाशात गेली आणि आता ती ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली आहे. आणि याच गावात आमच्या अप्पांची भैरवी माजघराच्या भिंतीपलीकडे जायला भीत होती.

बंडूने काही न विचारता मूळ प्रत पुन्हा काढली. कापलेले दहाबारा सेकंद जागच्या जागी आले. गुंजारव थोडा उतरवला, सळसळ 'स' शाबूत राहील इतकीच कमी केली. कॉम्प्रेसर त्याने बंद केला. या साऱ्याला अर्धा तासही लागला नसेल.

दुसऱ्या दिवशी दिवाणखाना गच्च भरला होता. गाणे लागले. आधी आजोबांची संथ घरघर, मग तिच्याआडून अप्पांचा पुसट षड्ज. मागून कुणीतरी ओरडले, "अहो, ऐकू येत नाही! आवाज वाढवा की जरा!"

मी उठणार तोच आईने हात वर केला. गळ्यातला साज नुकताच उजळून आला होता. त्यातले कासव अजून ओळखू येत होते.

"थांबा थोडं," ती म्हणाली, "मामंजींना झोप लागू दे."